जुन्या गाडीच्या इंजिनातली झीज: पाना लावण्याआधी आणि लावल्यावर काय, कोणत्या क्रमाने तपासावं

"धूर येतोय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या." "ऑइल प्रेशर पडलंय, म्हणजे बेअरिंग गेलं." जुन्या गाडीभोवती चार जण जमले की निदान एवढ्यावर उरकतं आणि आठवड्याभरात इंजिन बाकावर खुलं पडलेलं असतं. मग बोअर, म्हणजे पिस्टन वर-खाली सरकतो ती नळी, मोजल्यावर कळतं की तो ठणठणीत होता, ऑइल व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून) उतरत होतं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

मोजमाप बहुतेकांना जमतं. गडबड होते ती क्रमात. टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांमधली) फट चुकलेली असताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलं तर आकडा फटीचा येतो आणि दोष मात्र व्हॉल्व्हला लागतो. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर प्रेशर घेतलं तर बेअरिंग उगाच बदनाम होतं. म्हणून आधी बाहेरचे दोष संपवायचे, मग कान आणि नाक वापरायचं, मग गेज लावायचे आणि पाना सगळ्यात शेवटी उचलायचा.

इथली माहिती कार्बोरेटर आणि कॉन्टॅक्ट पॉइंट असलेल्या जुन्या पेट्रोल इंजिनांसाठी आहे. आकडे ढोबळ आहेत. तुमच्या इंजिनाचं वर्कशॉप मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका.

## आधी हाताशी काय हवं

स्क्रू होणारा कॉम्प्रेशन गेज, व्हॅक्यूम गेज, पाइपने जोडायचा मेकॅनिकल ऑइल प्रेशर गेज, मॅग्नेटिक स्टँडवरचा डायल गेज, फीलर गेज, मेकॅनिकचा स्टेथोस्कोप किंवा हातभर लांब लाकडी दांडा, लोहचुंबक, आणि एक वही. वही विसरू नका. कोणता आकडा थंड इंजिनावरचा आणि कोणता गरमवरचा, हे दोन दिवसांनी कुणालाच आठवत नाही.

कॉम्प्रेशन गेजबद्दल दोन गोष्टी. जुन्या गाड्यांचे प्लग एकाच आटेचे नसतात. १४ मिलीमीटर सर्रास असले तरी कित्येक जुन्या इंजिनांत १८ मिलीमीटरचे प्लग येतात. अडॅप्टर फक्त आटेला जुळून भागत नाही, लांबीही प्लगच्या आटेइतकीच हवी. जास्त लांब अडॅप्टर आत डोकावतो आणि साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्ये असलेल्या) इंजिनात प्लगखालीच व्हॉल्व्ह उघडत असेल तर त्यावर आपटतो. दुसरं, गेजमधला एकतर्फी व्हॉल्व्ह नळीच्या सिलिंडरकडच्या टोकाला असायला हवा. तो डायलजवळ असेल तर नळीतली जागाही सिलिंडरमध्ये धरली जाते आणि प्रत्येक आकडा कमी येतो.

सावध: तपासणीआधी "धूर बंद करणारं" किंवा "प्रेशर वाढवणारं" घट्ट औषध ऑइलमध्ये ओतू नका. आधीच्या मालकाने ओतल्याचा संशय असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल भरा, शंभरेक किलोमीटर गाडी चालवा आणि मग सुरुवात करा. काढलेलं जुनं ऑइल मात्र स्वच्छ भांड्यात झाकून ठेवा, ते टप्पा ८ मध्ये लागेल.

## टप्पा १: गाडी बरीच वर्षं उभी असेल तर

अशा इंजिनाला थेट स्टार्टर मारणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गाइडमध्ये अडकलेला व्हॉल्व्ह असेल तर पुशरॉड वाकतो आणि गंजाने चिकटलेली रिंग असेल तर ती मोडते.

प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी हँडलने किंवा पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. अडकलं तर जोर लावू नका, उलट फिरवून पाहा आणि पुन्हा ऑइल मुरू द्या. वरचं कव्हर काढून, फिरवताना प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येतोय का तेही बघून घ्या.

इंजिन सुरू झालं तरी पहिल्या दिवशीचं कॉम्प्रेशन खरं धरू नका. रिंगा खाचेत कार्बनने चिकटलेल्या असतात. ३०० ते ५०० किलोमीटर चालवल्यावर त्या मोकळ्या होतात आणि आकडा बराच वर येतो. इतकं अंतर न चालवता केलेलं निदान मी तरी मानत नाही.

## टप्पा २: बाहेरचे दोष आधी संपवा

हा कंटाळवाणा टप्पा आहे आणि म्हणूनच गाळला जातो.

१. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी भरल्यापेक्षा वर असेल तर मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्रॅम फाटून पेट्रोल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरत असण्याची शक्यता मोठी. पंप नीट करा, ऑइल बदला, मगच पुढे जा.

२. टॅपेटची फट मॅन्युअलप्रमाणे लावा, गरमवर लावायची असेल तर गरमवर. रॉकरच्या टोकाला खड्डा पडलेला असेल तर फीलर गेज खड्ड्यावर पूल टाकल्यासारखा बसतो आणि खरी फट जास्त राहते. अशा ठिकाणी डायल गेजने मोजा.

३. पॉइंटची फट आणि इग्निशनचं टायमिंग तपासा.

४. इनटेक मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरच्या बुडाशी हवा ओढली जात नाही ना, ते बघा.

५. क्रँककेसचा ब्रीदर पाइप साफ करा. तो तुंबला की आतला दाब ऑइल सीलमधून वाट काढतो. मग चांगलं इंजिनही सगळीकडून गळतं आणि "ब्लो-बाय आहे", म्हणजे रिंगांजवळून वायू खाली गळतोय, असा शिक्का बसतो.

६. प्लग काढताना ते सिलिंडरच्या क्रमाने एका फळीवर मांडा. फिकट तपकिरी टोक ठीक. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण श्रीमंत, पेट्रोल जास्त. ओला, चकचकीत काळा थर म्हणजे ऑइल. बाकीच्यांच्या मानाने एकच प्लग धुतल्यासारखा पांढरा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असू शकतं.

तपासा: एवढं झाल्यावर गाडी पुन्हा चालवून पाहा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

## टप्पा ३: आवाज ऐका

इंजिन थंड असताना सुरू करा आणि गरम होईपर्यंत जवळ थांबा. आवाज कोणता यापेक्षा तो कधी येतो आणि कधी जातो, यावरून जास्त कळतं.

थंडीत खडखड आणि गरम झाल्यावर शांत, तर पिस्टन बोअरमध्ये आपटतोय. ऐकायला वाईट असलं तरी यावर गाडी वर्षानुवर्षं चालू शकते. टिकटिक क्रँकच्या निम्म्या वेगाने येत असेल तर ती टॅपेट, रॉकर किंवा कॅमची. पुढच्या कव्हरमधून साखळी घासल्यासारखी खळखळ आली तर टायमिंग चेन.

गजन पिनचा (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनचा) आवाज हलका, टणक असतो आणि आयडलला जास्त कळतो. बिग एंडचा (रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगचा) आवाज हातोडीने ऐरणीवर ठोकल्यासारखा. मध्यम वेगात अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडला, म्हणजे इंजिन ना ओढतंय ना अडवतंय अशा स्थितीत, तो सगळ्यात स्पष्ट येतो. मेन बेअरिंगचा (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगचा) आवाज खोल आणि घुमणारा, कानापेक्षा पायाखालच्या फळीला आधी कळतो, आणि चढावर जोर पडला की वाढतो.

आता एकेक सिलिंडर बंद करून पाहा. इंजिन बंद करा, एका प्लगची वायर काढून तिचं टोक ब्लॉकला टेकवून ठेवा आणि मग सुरू करा. वायर हवेत लोंबकळत ठेवली तर कॉइलवर ताण येतो आणि ठिणगी भलतीकडे उडते. त्या सिलिंडरचा जोर गेल्यावर ठोका मंद झाला किंवा थांबला तर दोष त्याच सिलिंडरच्या बिग एंडमध्ये किंवा पिस्टनमध्ये. गजन पिन असेल तर ठोका जाण्याऐवजी दुहेरी होतो. एक सिलिंडर बंद करून फरक पडत नाही, पण शेजारचे दोन एकदम बंद केल्यावर पडतो, तर त्या दोघांमधलं मेन बेअरिंग.

सावध: बिग एंडचा ठोका ओळखू आला की इंजिन बंद करा. "ऐका ऐका" म्हणत दुसऱ्याला ऐकवण्यासाठी रेस देऊ नका. व्हाइट मेटल (बेअरिंगच्या आतला मऊ धातूचा थर) वितळून निघालं की रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येऊ शकतो.

आवाजाची सोंगंही असतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती थेट टॅपेटसारखी टिकटिकते. फ्युएल पंपाचा दांडा झिजला तरी टिकटिक येते. फ्लायव्हीलचे बोल्ट सैल झाले तर मेन बेअरिंगसारखा आवाज येतो. माझ्या एका चार सिलिंडर गाडीत खोल ठोका येत होता. मी चेंबर उतरवला, सगळ्या कॅप खोलल्या, बेअरिंग बघितले. सगळं नवंकोरं. दोन आठवडे गेल्यावर पुली हाताने हलवली तर ती चावीवर डुगडुगत होती. तेव्हापासून मी आधी पुली, फॅन आणि डायनॅमोचा पट्टा हाताने हलवून बघतो आणि एकदा पट्टा काढूनही इंजिन ऐकतो. मिनिटभरच, कारण तेवढ्या वेळात पाण्याचा पंपही थांबलेला असतो.

## टप्पा ४: धूर बघा

गरम गाडीत मागे कुणाला तरी बसवा आणि लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरा. खाली आल्यावर एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबा. त्या क्षणी निळ्या धुराचा लोट आला आणि लगेच ओसरला, तर ऑइल व्हॉल्व्ह गाइडमधून येतंय. चढावर जोर लावताना निळा धूर सतत राहिला तर बोअर आणि रिंगा. रात्रभर उभ्या गाडीचा सकाळचा पहिला निळा ढगही बहुधा गाइडचाच.

काळा धूर पेट्रोलचा, त्याचा झिजेशी संबंध नाही. गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे सहसा पाणी. मात्र गाडीला व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेक सर्व्हो असेल तर ब्रेक फ्लुइडची टाकी आधी बघा. सर्व्होचं सील गेलं की इंजिन ब्रेक फ्लुइड ओढून जाळतं आणि पांढरा धूर काढतं. हेड गॅस्केट बदलूनही धूर गेला नाही अशा गाड्यांत हे तपासलेलंच नसतं. आणि हा दोष इंजिनाचा नसून ब्रेकचा आहे, तेव्हा गाडी तिथेच थांबवा.

शेवटी आयडलला ऑइल भरायचं झाकण काढा. थोडी वाफ आणि हलका श्वास जुन्या इंजिनाला माफ आहे. फुसफुस ठोक्याने येत असेल आणि झाकण भोकावर उलटं ठेवल्यावर नाचायला लागलं, तर रिंगांवर संशय पक्का करत चला.

## टप्पा ५: व्हॅक्यूम गेज

पाच मिनिटांचं काम, आणि एकही नट सोडावा लागत नाही. गेज मॅनिफोल्डला जोडा, कार्बोरेटरच्या फुलपाखराच्या, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या गोल झडपेच्या, वरच्या बाजूला नको.

गरम इंजिन आयडलला १७ ते २१ इंच पारा इतकं स्थिर दाखवतं. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला सुमारे एक इंच वजा करा. काटा ठरावीक अंतराने एकदाच गचका खात असेल तर एक व्हॉल्व्ह नीट बसत नाही. आयडलला भराभर थरथरतो आणि रेस दिल्यावर स्थिरावतो, तर गाइड झिजलेत. उलट रेसबरोबर थरथर वाढली तर स्प्रिंग कमजोर.

मग फुलपाखरू झटकन उघडून सोडा. काटा जवळपास शून्यावर पडून २४-२५ पर्यंत उसळला आणि जागेवर आला तर रिंगा धरतात. उसळी अर्धवट राहिली तर संशय रिंगांवर. स्थिर पण कमी आकडा बहुतेकदा मागे पडलेल्या टायमिंगचा असतो, त्यावरून रिंगांना दोष देऊ नका.

## टप्पा ६: कॉम्प्रेशन, कोरडं आणि ओलं

सगळ्यात जास्त केली जाणारी आणि सगळ्यात जास्त बिघडवली जाणारी चाचणी हीच.

१. इंजिन चालवून पूर्ण गरम करा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. सहा व्होल्टच्या गाड्यांत तर फारच, कारण स्टार्टर हळू फिरला की आकडा पडतो.

२. कॉइलची बारीक वायर काढून ठेवा. मॅग्नेटो असेल तर त्याला अर्थिंग द्या, म्हणजे त्याची वायर इंजिनाच्या धातूला जोडा. प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि तिथे ठिणगी नको.

३. सगळे प्लग काढा. एकच काढून मोजलं तर स्टार्टर दमतो.

४. फुलपाखरू पूर्ण उघडं ठेवा आणि चोक पूर्ण उघडा. एसयूसारख्या कार्बोरेटरमध्ये आतला पिस्टनही उचलून धरा, नाहीतर हवेची वाट अर्धवट बंद राहते.

५. गेज लावून स्टार्टर मारा आणि डोळा काट्यावर ठेवा. निरोगी सिलिंडरचा काटा पहिल्या फटक्यातच निम्म्याच्या वर जातो आणि चार-पाच फटक्यांत टेकतो. रिंगा सैल असतील तर पहिला फटका लहान असतो आणि मग काटा पायऱ्या चढल्यासारखा वर सरकतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिला फटका लहान आणि नंतरही फारसा चढत नाही. वहीत पहिल्या फटक्याचा आकडा आणि शेवटचा, दोन्ही लिहा. सगळ्या सिलिंडरना फटके सारखेच द्या.

आकडा किती हवा? कॉम्प्रेशन रेशो ६:१ च्या आसपास असलेल्या जुन्या इंजिनाला प्रति चौरस इंच १०० ते १२० पौंड ठीक, ८.५:१ च्या इंजिनाला १४० ते १७०. उंचावर तो कमीच येणार. त्याहून महत्त्वाचा फरक आपापसातला: सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्त असलेल्याच्या ७५ टक्क्यांखाली नको.

आता ओली चाचणी. प्लगच्या भोकातून एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर, इंजिन ऑइल सोडा. दोन फेऱ्या फिरवून पुन्हा मोजा. ऑइल रिंगांभोवतीची फट काही क्षण बुजवतं, व्हॉल्व्हची बुजवत नाही. जास्त ओतलं तर ते जागा व्यापून आकडा खोटा फुगवतं.

तीन वह्या शेजारी ठेवून बघा, फरक कळेल.

पहिली: कोरडं १२५, १२०, ८५, १२२. ओलं १३५, १३०, ८८, १३२. तिसऱ्यात ऑइलने काही केलं नाही, तेव्हा तिसऱ्याचा व्हॉल्व्ह. हेड काढलं तर काम होईल, चेंबर उघडायची गरज नाही.

दुसरी: कोरडं ९५, ९०, ९२, ८८. ओलं १३०, १२५, १२८, १२५. सगळे सारखे कमी, ऑइलने सगळे चढले. बोअर आणि रिंगा. कोरडे आकडे नुसते बघणारा म्हणेल "सारखे आहेत, ठीक आहे" आणि फसेल.

तिसरी: कोरडं १२०, ६०, ५५, १२५. ओलंही जवळपास तेच. शेजारचे दोन पडलेत, तर दोन आणि तीनच्या मधली हेड गॅस्केट.

सावध: चोक ओढून बराच वेळ स्टार्टर मारलेल्या इंजिनात पेट्रोलने बोअरवरचं ऑइल धुतलं जातं आणि कोरडा आकडा सगळीकडे पडतो. दुसऱ्या वहीसारखा निकाल आला तर इंजिन नीट चालवून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

आडव्या सिलिंडरच्या बॉक्सर इंजिनात ऑइल खालच्या बाजूला साचतं, रिंगेच्या सगळ्या घेरावर पोचत नाही. तिथे ओल्या चाचणीवर विसंबू नका, पुढच्या टप्प्यावर जा.

## टप्पा ७: लीक-डाउन

कॉम्प्रेशन सांगतं की गळतंय, लीक-डाउन सांगतं कुठून. कॉम्प्रेसर आणि दोन गेजचं यंत्र हवं. सिलिंडर कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला वरच्या मृत बिंदूवर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करा आणि हवा सोडा.

सावध: पिस्टन नेमका वर नसेल तर हवेच्या दाबाने क्रँक झटक्यात फिरतो. हँडल किंवा पाना लावलेला राहिला असेल तर हात मोडेल. गाडी टॉप गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडसर, आणि हवा सोडण्याआधी पाना काढून बाजूला.

दहा टक्क्यांपर्यंत गळती उत्तम, वीसपर्यंत जुन्या इंजिनाला चालते, तीसच्या वर काम निघालं. पण टक्क्यांपेक्षा कान लावा. कार्बोरेटरमधून सुसाट आवाज म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या टोकातून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून रिंगा, शेजारच्या प्लगच्या भोकातून गॅस्केट. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा.

## टप्पा ८: ऑइल प्रेशर आणि ऑइलमधलं धातू

डॅशबोर्डवरच्या जुन्या गेजवर विश्वास नको. मेकॅनिकल गेज थेट ब्लॉकला जोडा, गाडी वीस मिनिटं चालवा आणि मग आयडलला व २००० आरपीएमला आकडा घ्या. दर हजार आरपीएमला दहा पौंड असा एक ढोबळ नियम सांगतात, पण तो प्रत्येक गाडीला लावू नका. मॉरिस मायनरच्या ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनाला चालताना ६० आणि आयडलला १५ पौंडांची अपेक्षा असते. शेवरोलेच्या जुन्या सहा सिलिंडर इंजिनांत रॉडना चमच्यांनी ऑइल मिळायचं, तिथे गेजवर १५ पौंड दिसले तरी घाबरायचं कारण नाही. फोर्ड मॉडेल टीला तर ऑइल पंपच नाही.

थंडीतच प्रेशर कमी असेल तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह काढा. स्प्रिंग खचलेली किंवा बसायच्या जागी कचरा अडकलेला सापडतो. थंडीत भरपूर आणि गरम झाल्यावर कोसळत असेल तर बेअरिंगमधली फट वाढलीय. त्यात कॅमचे बुशही आले, ते लोक हमखास विसरतात.

आता झाकून ठेवलेलं ऑइल काढा. ते हळूच दुसऱ्या भांड्यात ओता आणि तळाशी राहिलेला गाळ उन्हात तिरपा धरून बघा. चुंबकाला चिकटणारी बारीक काळी पूड थोडी असतेच. चिकटणारे तुकडे मात्र रिंग, कॅम किंवा टॅपेटचे. न चिकटणारे रुपेरी चपटे कण व्हाइट मेटलचे किंवा अ‍ॅल्युमिनियम पिस्टनचे. व्हाइट मेटल मऊ असतं, नखाने दाबलं की पसरतं. तांबूस चमक म्हणजे बुश, किंवा बेअरिंगच्या शेलचा वरचा थर संपून खालचा उघडा पडलाय. फिल्टर असेल तर कापून कागद उलगडून बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांना फिल्टर नसतो किंवा थोडंच ऑइल त्यातून जातं, तेव्हा खरा पुरावा चेंबरच्या तळाशी.

झाकणाच्या आतल्या बाजूचा साईसारखा पांढरट थर पाहून हेड खोलू नका. थोड्या अंतरावर गाडी चालवली की वाफेचं पाणी तिथे जमतं. तोच थर डिपस्टिकवर असेल आणि पाणीही कमी होत असेल तेव्हा काळजी करा.

## टप्पा ९: इंजिन न खोलता तीन मोजमापं

क्रँकची पुढे-मागे हालचाल: डायल गेज पुलीवर टेकवा आणि दुसऱ्याला क्लच दाबायला सांगा. बहुतेक इंजिनांत ०.१ ते ०.२ मिलीमीटर ठीक. नजरेला हालचाल दिसली तर गाडी चालवू नका. ट्रायम्फच्या सहा सिलिंडर इंजिनांत थ्रस्ट वॉशर (क्रँकची पुढे-मागे हालचाल रोखणाऱ्या चकत्या) झिजून चेंबरमध्ये पडल्याची उदाहरणं नेहमीची आहेत आणि नंतर क्रँक थेट ब्लॉकला खातो.

टायमिंग चेन: डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा. क्रँक सुलट फिरवून थांबा, मग उलट फिरवा. रोटर हलायला लागेपर्यंत पुली किती अंश फिरली ते बघा. दहा अंशांच्या वर गेलं तर चेन सैल आहे, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या गिअरमध्ये खेळ आहे. कोणतं ते कव्हर काढल्यावर कळेल.

कॅम: प्रत्येक पुशरॉडच्या वरच्या टोकाला डायल गेज लावून उचल मोजा. इनटेकच्या इनटेकशी आणि एक्झॉस्टच्या एक्झॉस्टशी जुळायला हव्यात. एखादी अर्धा मिलीमीटर कमी भरली तर तो लोब गेला. कॉम्प्रेशन बरं असून एक सिलिंडर लंगडतंय, अशी तक्रार इथेच सुटते.

## टप्पा १०: हेड काढल्यावर

एवढ्या पुराव्यानंतर हेड काढायचं ठरलं तर बोअरच्या वरच्या काठाखाली नख फिरवा. नख अडकलं तर कडा तयार झालीय. सगळ्यात जास्त झीज या कडेच्या लगेच खाली, वरची रिंग थांबते तिथे असते, आणि क्रँकच्या काटकोनातल्या बाजूला. म्हणून बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. वर-खालचा फरक ०.१ मिलीमीटरच्या पुढे गेला की नुसत्या नव्या रिंगा टिकत नाहीत, ०.१५ ते ०.२० ला बोअर करण्याची तयारी ठेवा.

बोअर गेज नसेल तर एक युक्ती. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकला. तळाशी, जिथे झीज नसते, तिच्या टोकांमधली फट मोजा आणि मग कडेखाली मोजा. दोन फटींमधला फरक भागिले ३.१४ म्हणजे व्यासातला फरक. फट ०.४० वरून ०.८० झाली तर बोअर तिथे सुमारे ०.१३ ने मोठा आहे.

सावध: कडा न काढता नव्या रिंगा घालू नका. नवी वरची रिंग धारदार असते, ती कडेवर आपटते आणि मोडते किंवा खाली पिस्टनची भिंत तोडते.

## टप्पा ११: चेंबर उतरवल्यावर

कॅप (बेअरिंगचं खालचं अर्धं झाकण) खोलण्याआधी प्रत्येक कॅपवर आणि रॉडवर एकाच बाजूला क्रमांक उठवा. कॅप बदलली किंवा उलटी बसली तर आधीचं चांगलं बेअरिंगही जातं.

फट मोजायला प्लास्टिकचा मोजधागा वापरा. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) पुसून कोरडा करा, धागा लांबीच्या दिशेने ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कने कसा आणि क्रँक अजिबात न हलवता पुन्हा खोला. चपट्या धाग्याची रुंदी पट्टीशी ताडा. ०.०२५ ते ०.०७५ मिलीमीटर साधारण चालतं. क्रँक पाव फेरी फिरवून दुसऱ्यांदाही मोजा, नाहीतर जर्नल अंडाकृती झालेला कळत नाही.

ओतलेल्या व्हाइट मेटलच्या बेअरिंगमध्ये फट शिम (कॅपखालचे पातळ पत्रे) काढून कमी करतात. दोन्ही बाजूंचे शिम सारखेच काढायचे. कॅप कानशीने घासून फट भरायचा जुना शॉर्टकट करू नका, त्याने भोक गोल राहत नाही. व्हाइट मेटलला केसासारख्या चिरा पडल्या असतील किंवा ते मागच्या धातूपासून सुटलं असेल तर शिमचा प्रश्नच नाही, नव्याने ओतून घ्यावं लागेल.

मोजमाप हद्दीत आलं तर तेच बेअरिंग त्याच जागी, त्याच बाजूने, ऑइल लावून परत बसवा. कॉटर पिन मात्र जुनी नको. नटाची खाच आणि बोल्टचं भोक जुळत नसेल तर नट सैल करून जुळवू नका, टॉर्कच्या हद्दीत थोडा पुढे घ्या, नाहीतर दुसरा नट लावून बघा. आणि एक कॅप कसली की लगेच हँडलने इंजिन एक पूर्ण फेरी फिरवा. सगळ्या कॅप कसून झाल्यावर फिरवलं आणि जड लागलं, तर कोणती अडकतेय ते शोधायला सगळ्या पुन्हा खोलाव्या लागतात.